सात जानेवारीचे अकरा इव्हान

झ्लातिनाच्या मनातून एक गोष्ट काही केल्या जात नव्हती. आपला मुलगा ओग्न्यान साऱ्या जिल्ह्याला ताप कधी येणार ते सांगतो, पण स्वतःच्या घरी जेवायला किती माणसं येणार हे त्याला सांगता येत नाही.

ओग्न्यान एकतीस वर्षांचा. गणितात पहिला, मफलर विसरण्यातही पहिला. दोल्ना लूकाच्या आरोग्य कार्यालयात फ्लूच्या साथीचा अंदाज बांधणं हे त्याचं काम. बाकीची मुलं परदेशातून जुनी गाडी आणतात, यानं हॉलंडहून संगणकावरचं एक मॉडेल आणलं. त्याला सांगायचं, शाळेत मुलं किती, बसमध्ये माणसं किती, कोण कोणाला आठवड्यातून कितीदा भेटतं. मग ते सांगणार, साथीचा जोर कोणत्या दिवशी. त्यावरून शाळांना फ्लूची सुट्टी.

गेल्या वर्षी मॉडेलनं पंचवीस जानेवारी सांगितली. पंचवीसला शाळा बंद झाल्या तेव्हा पोरं आजारातून उठून, खडखडीत बरी होऊन टेकडीवर घसरगाड्या ओढत होती. साथ बारा तारखेलाच येऊन गेली होती. झ्लातिनाला हे कोणी सांगायची गरज नव्हती. ती औषधाच्या दुकानात उभी असते, आणि तेराला तिच्याकडे खोकल्याच्या औषधाची एकही बाटली उरली नव्हती.

संचालिका इव्हान्का द्रागानोव्हा यांनी ओग्न्यानला बजावलं होतं, यंदा चुकलं तर मार्चनंतर करार नाही. म्हणजे पुन्हा हॉलंड. म्हणजे वर्षातून एक आठवडा मुलगा, बाकी एकावन्न आठवडे फोन.

चार जानेवारीला तो घरी आला आणि चीज भरलेल्या बानित्साचा दुसरा तुकडा उचलत म्हणाला, "सव्वीस. उद्या दुपारी अहवाल देतोय."

"आणि सात तारीख?" तिनं विचारलं.

"सातचं काय?"

"माझा नामदिवस, शहाण्या, साऱ्या इव्हानांचा सण," त्याचा बाप इव्हान म्हणाला. "गेल्या वर्षी दोन खोल्यांत चाळीस माणसं होती. खिडक्या बंद, आणि जो येईल तो दोन्ही गालांचे मुके घेतोय."

"बाबा, मॉडेलमध्ये इव्हान नसतो. 'क' गट असतो."

"मग त्या 'क' गटाला सांग, कोबीच्या सार्मी तयार आहेत."

"निमंत्रण कोणाला देत नाही तुम्ही. ज्याला आठवेल तो येतो. मी आकडा कुठून आणू? रकानाच नाही त्याला. तिकडे हॉलंडला कोणाकडे जायचं तर पंधरा दिवस आधी विचारतात."

"म्हणूनच त्यांचा फ्लू वेळेवर येतो," बाप म्हणाला.

तो गेल्यावर झ्लातिना नवऱ्याला म्हणाली, "यंदा नको करूया."

"कळवणार कोणाला? ज्यांना बोलावलंच नाही त्यांना येऊ नका कसं सांगतेस? आणि दार बंद दिसलं तर मी गेलो समजून दुप्पट येतील."

ते खरंच होतं. तिनं आपल्या रस्त्यावरचे इव्हान आणि इव्हान्का बोटांवर मोजले. अकरा निघाले. एकाच संध्याकाळी अकरा घरं उघडी, आणि प्रत्येक पाहुणा निदान तीन दारं करणार. हे समजायला हॉलंड कशाला हवं?

मग तिला बारावी आठवली. इव्हान्का द्रागानोव्हा. सातला सगळं आरोग्य कार्यालय संचालिकाबाईंच्या दिवाणखान्यात असतं. ओग्न्यानही दरवर्षी बाटली घेऊन जातो, आणि ते मॉडेलला सांगत नाही. दहा तारखेला कार्यालय तापानं फणफणणार आणि शाळा बंद करायच्या कागदावर सही करायला कोणी जागेवर नसणार. तिला हसू आलं. मग मार्च आठवला आणि हसू गेलं.

ओग्न्यान कॉलेजात असताना तिनं त्याच्या प्राध्यापकांना एकदा फोन केला होता, पोरगा लोकरीचे मोजे घालतो का विचारायला. तो महिनाभर बोलला नव्हता. आता थेट साहेबिणीला फोन केला तर वर्षभर बोलणार नाही.

पण वर्षभर न बोलता बसेल तो इथेच, समोरच्या खुर्चीत.

आणि संचालिकेला फोन करायचाच नव्हता. इव्हानची बायको इव्हान्काला विचारते तेवढंच विचारायचं होतं, गेल्या सातला किती ताटं मांडलीस गं, आणि त्यातले किती जण आठवड्यात आजारी पडले? बाई ताटं मोजतील. पुढचा रकाना त्यांचा त्याच आखतील, आणि उद्या दुपारी ओग्न्यानला स्वतःच विचारतील, अहवालात सात तारीख कुठे आहे म्हणून.

झ्लातिनानं हाताचं पीठ पुसलं आणि नंबर शोधायला वही काढली.