अर्धी दाढी

गल्लीत बापाला थोरले म्हणत आणि मुलाला धाकटे. धाकट्यांच्या स्वतःच्या कानशिलांवर पांढरे केस आले तरी ते धाकटेच राहिले, कारण थोरले अजून ठणठणीत होते. दोन खुर्च्यांचं केशकर्तनालय थोरल्यांनीच उभं केलेलं. गुडघ्यांनी दगा दिल्यावर ते घरी बसले खरे, पण सुंभ जळला म्हणून पीळ जातो होय? घरी बसूनही दुकान तेच चालवत, म्हणजे धाकट्यांना बोल लावून.

आई गेल्यापासून धाकट्यांना ते व्हायला लागलं होतं. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा, आणि अचानक छातीत धडधड, तोंडाला कोरड, हाताला कापरं. पहिल्यांदा तर वाटलं, आपणही चाललो आईच्या मागे. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासून सांगितलं की हृदय उत्तम आहे, ही भीतीची लाट आहे, येते तशी ओसरते. गोळ्या दिल्या आणि एक पथ्य सांगितलं. पळायचं नाही, लपवायचं नाही. लाट आली की वस्तरा खाली ठेवायचा, समोरच्याला सांगायचं आणि बसायचं.

गिऱ्हाइकांनी हे समजून घेतलं. एकदोघं पुन्हा फिरकले नाहीत, बाकीचे "होऊ द्या सावकाश" म्हणत पेपर वाचत बसत. बापालाही धाकट्यांनी सांगून पाहिलं होतं. "नाटकं आहेत. आमच्या वेळी असलं काही नव्हतं," एवढंच औषध तिथे मिळालं.

आणि एक दिवस थोरल्यांनी जाहीर केलं, दुकान जावयाला देतो. जावईही त्याच धंद्यातले, हात कसा दगडासारखा स्थिर. "तरी तुला एकदा बघतो," ते मुलाला म्हणाले. "उद्या माझी दाढी कर. हात हलला तर किल्ली जावयाकडे." बुडणाऱ्याला पोहता येतं का, हे विहिरीत ढकलून बघण्यातलाच हा प्रकार!

सकाळी थोरले दुकानात येऊन खुर्चीत बसले. धाकट्यांनी फेस केला. उजवा गाल छान झाला. वस्तरा गळ्याकडे वळला आणि लाट आलीच. पूर्वीचे धाकटे गरम पाण्याचं निमित्त करून मागच्या खोलीत सटकले असते. आजही पाय तिकडेच ओढत होते. दुकान गेलंच, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

"बाबा, आलंय ते. थांबावं लागेल." आणि ते शेजारच्या खुर्चीत बसले.

"अरे, पण माझी अर्धी..."

"हो."

थोरले तणतणत उठायला गेले, तेवढ्यात आरसा दिसला. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस. नाकावर माशी बसू न देणारा माणूस हा अवतार घेऊन गल्लीतून जाणार कसा? बसावं लागलं. आणि बसल्यावर समोर आरशात मुलगाच दिसत होता. पांढराफटक चेहरा, घामाने भिजलेली कॉलर, खुर्चीला घट्ट धरलेली बोटं. जन्मभर माणसांचे चेहरे वीतभर अंतरावरून बघितलेल्या थोरल्यांना हे नाटक नाही, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

"दुखतं का रे?"

"नाही. मरतोय असं वाटतं."

"आणि तरी रोज दुकान उघडतोस?"

"उघडतो."

फेस वाळून गाल ओढायला लागला, पण थोरल्यांनी तक्रार केली नाही. त्यांना वाईट वाटत होतं आणि ते कसं बोलायचं हे या वयात कुणाला विचारणार?

तेवढ्यात शेजारचा घड्याळवाला डोकावला. "काय धाकटे, निवांत? मग माझी कटिंग उरकून टाका."

"मालक जरा बसलेत," थोरले म्हणाले. "बरं वाटलं की उठतील. तोवर तुम्हीही बसा, माझीच दाढी अर्धी राहिलीय."

मालक. हा शब्द बापाच्या तोंडून धाकट्यांनी पहिल्यांदाच ऐकला. लाट ओसरली तसे ते उठले, हात धुतले आणि नवा फेस लावला. थोरल्यांनी मान मागे टाकली, गळा पुढे केला आणि डोळे मिटून घेतले.