डाव्या कपाटाची दारं

माझा नवरा ऑरिन वाईट माणूस नाही. दारू नाही, जुगार नाही, रविवारी चर्चला वेळेवर हजर. पण देवाने त्याला तोंड दिलंय ते फक्त कॉफी प्यायला, असं मला लग्नापासून वाटत आलंय.

फायरप्लेसचंच घ्या. आमच्या बैठकीत नुसत्या विटांची फायरप्लेस होती. तिच्याभोवती अक्रोडाची चौकट, वर रुंद फळी आणि दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत त्याच लाकडाची, त्याच घाटाची कपाटं करायची, असं याच्या मनात आलं. अख्खा हिवाळा भिंतीवर चिकटपट्ट्या लावून तो कपाटं 'बघत' होता. मी टीव्ही लावला की हा मध्ये उभा. एवढा विचार करून शेवटी माप घेतलं ते उजव्या कोनाड्याचं, आणि डावाही तेवढाच असेल असं धरून चारही दारं कापून मोकळा झाला. डावा निघाला चार बोटं जास्त रुंद. तिकडची दारं बसेनात, आणि लाकूड संपलेलं.

"दाराला पट्टी जोड," मी म्हटलं.

"ठिगळ दिसेल."

"मग दुकानातून नवीन लाकूड आण."

"लाकडाच्या रेषा जुळणार नाहीत."

जुळणारं लाकूड एकाच ठिकाणी होतं, आणि तिथे हा जायला तयार नव्हता. सासऱ्यांच्या शेतावरचं अक्रोडाचं झाड वादळात पडलं, तेव्हा त्यांनी त्याच्या फळ्या काढून कोठारात ठेवल्या होत्या. ते गेल्यावर निम्म्या ऑरिनच्या, निम्म्या थोरल्या भावाच्या, मायलोच्या. मायलो तिथे शेत सांभाळायचा, सडाफटिंग माणूस. तो म्हणाला, "माझ्याही घेऊन जा." ऑरिन म्हणाला, "नको, राहू दे." मायलो म्हणाला, "अरे, ने." ऑरिन म्हणाला, "नको, नको."

आमच्या मिनेसोटात कुणी काही देऊ केलं की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, हे शेंबडं पोरही जाणतं. पण मायलोने तिसऱ्यांदा विचारलंच नाही. ऑरिन आपल्या वाटणीच्या फळ्या घेऊन घरी आला आणि म्हणाला, "त्याला द्यायच्याच नव्हत्या." झालं. तेव्हापासून हे सख्खे भाऊ चर्चच्या पायऱ्यांवर भेटले की पाऊस आणि मका, याच्या पुढे गाडी जात नाही.

डाव्या कपाटावर मी जुनी चादर टांगली. चर्चमधल्या बायका कॉफीला आल्या, चादरीकडे बघून म्हणाल्या, "वेगळंच आहे हं." आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही. मी हसून त्यांना कॉफी वाढली आणि आतल्या आत जळत राहिले.

या वर्षी पानगळीत कळलं, मायलोने शेत विकलं. गुडघ्यांना थंडी सोसेना म्हणून तो कायमचा ॲरिझोनाला निघाला होता, आणि कोठारातल्या सामानाचा शनिवारी लिलाव होता.

"दारं गेली खड्ड्यात," मी ऑरिनला म्हटलं. "भाऊ चाललाय. ही अढी मनात ठेवून त्याला पाठवणार आहेस का? जा आणि फळ्या माग."

"मागू?" तो म्हणाला. कपडे न घालता चर्चला जा म्हटल्यासारखं माझ्याकडे बघितलं त्याने. मी कपाळाला हात लावला.

लिलावाच्या आधी मायलोच आला, निरोप घ्यायला. मी कॉफी ठेवली, खजुराच्या वड्या ठेवल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन कान देऊन उभी राहिले. पाऊस झाला. मका झाला. बशीत एकच वडी उरली. शेवटची वडी आमच्यात कुणी उचलत नाही, म्हणून मायलोने तिची अर्धी कापून घेतली, मग ऑरिनने उरलेल्याची अर्धी.

"दारं राहिलीत वाटतं," मायलो म्हणाला.

"राहिलीत जरा."

"त्या फळ्या आहेत अजून. घे की."

"नको. तुला लागतील."

"ॲरिझोनात काय शेकोटी पेटवून बसणारे मी? घे."

"नको, नको. भागतंय आमचं."

मायलोने दोन्ही गुडघ्यांवर थाप मारली, म्हणजे निघायची खूण. माझ्या हातातलं फडकं पिळून पिळून कोरडं झालं होतं. मी बाहेर आले.

"मायलो, त्याला अजून एकदा विचार."

"त्याने नको म्हटलंय, आर्डिस."

"दोनदा म्हटलंय. मला मोजता येतं."

मायलो खाली बघत राहिला. "तेव्हाही नकोच म्हणाला होता," तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्याकडून काही घ्यायचंच नाही याला. मग कशाला पुन्हा विचारून लाजवायचं?" मग अंगठ्याने बाहेर दाखवत म्हणाला, "गाडीतच आहेत. ताडपत्रीखाली."

मला हसावं की दोघांची डोकी एकमेकांवर आपटावी, कळेना. ऑरिन कोट न घालताच बाहेर गेला. ताडपत्री उचलून त्याने एका फळीवरून हात फिरवला, बराच वेळ.

"वाईट नाहीत," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. थंडीने, असं त्याचं म्हणणं.

दारं नाताळाआधी बसली, आणि रेषा अशा जुळल्या की बोट ठेवायला जागा नाही. एक फळी उरली, तिची त्याने मायलोसाठी छोटी पेटी केली. परवा त्याला फोन लावला.

"एक पेटी केलीय. पाठवू का?" पलीकडून काय आलं ते याच्या चेहऱ्यावरून कळलं. "अरे, तुझ्यासाठीच केलीय." पुन्हा तेच. ऑरिन घुटमळला. "मग, तिकडे पाऊस वगैरे?" म्हणाला.

मी फडकं हातात घेऊन दारात येऊन उभी राहिले. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मायलो," तो म्हणाला, "पाठवू का?"