खाडीच्या चिखलातले नऊ चौकोन

आपल्या मुलुंडच्या घराच्या गॅलरीत दोन-तीन वर्षं चिखल वाळत असे. तुम्ही दोघं नातवंडं तेव्हा तुमच्या घरी अगदी लहान होतात, म्हणून तुम्हाला ते माहीत असायचं कारण नाही. ॲल्युमिनियमच्या ताटल्या, प्रत्येक ताटलीला चिठ्ठी आणि चिठ्ठीवर क्रमांक. तुमचे आजोबा सकाळी तिथेच पेपर वाचायला बसायचे. "लोक निवृत्त झाल्यावर तीर्थयात्रेला जातात, हिने खाडीच घरी आणली," असं ते येईल त्याला ऐकवायचे. पण ताटलीवर कावळा बसला की पहिले तेच उठायचे.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत कॉलेजाने इंडोनेशियातल्या एका विद्यापीठाबरोबर संशोधन हाती घेतलं. इथल्या कामाच्या नोंदी ठेवायला नेटकं माणूस हवं होतं. नेटकं म्हटल्यावर सगळ्यांनी माझंच नाव सुचवलं. मला तेव्हा त्याचा फार अभिमान वाटला होता.

काम असं होतं. इंडोनेशियात मैलोन् मैल पाणथळ जंगलं आहेत. तिथली झाडं पडतात, पाण्यात बुडून राहतात आणि पुरती कुजत नाहीत. हजारो वर्षांत त्यांचा जाड, काळा, स्पंजासारखा थर साचतो. त्याला पीट म्हणतात. चर खणून पाणी काढून टाकलं की तो थर खचतो, वाळतो आणि पेटतो. आग जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसत राहते. झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन पाण्याखाली जपलेला असतो, तो सगळा धूर होऊन परत जातो. आपल्या खाडीतली तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडंही, चिखलात असाच कार्बन जपतात. तिथली जमीन आणि इथला चिखल शेजारी शेजारी ठेवून मोजायचे, म्हणजे दोन्ही कशा राखायच्या ते कळेल, असा विचार होता.

तिकडून आली ती तिशीतली एक संशोधक मुलगी. डोक्याला कायम रुमाल, बोलणं हळू. ती महिनाभर आपल्याच घरी राहिली. मला ती इबू म्हणायची. त्यांच्याकडे आईलाही इबू म्हणतात आणि शिकवणाऱ्या बाईलाही. तिन्ही वेळा भात खायची. आपल्या लसणाच्या चटणीत सुके बोंबील कुटून घालायला तिनेच मला शिकवलं. आजोबांना ती म्हणाली होती, "आमच्याकडे पीटवर उडी मारली की दहा पावलांवरचं झाड हलतं." आजोबांनी लगेच पलंगावर हात दाबून पाहिला. "म्हणजे आमच्या कापसाच्या गादीसारखं." त्यावर ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

खाडीत दरवर्षी किती चिखल साचतो हे मोजायची एक साधी पद्धत आहे. चिखलावर पांढऱ्या पुडीचा पातळ चौकोन पसरायचा. वर्षाने तिथे सुरी घालून वडीसारखा तुकडा कापायचा. पांढऱ्या रेघेच्या वर जेवढा चिखल, तेवढा वर्षभरात आलेला. त्या चिखलात किती कार्बन आहे ते तिच्या प्रयोगशाळेत मोजायचं. पूड एका विशिष्ट खनिजाची लागते. ती तिकडून कुरिअरने येणार होती.

पहिल्या मुक्कामात आम्ही दोघींनी जागा आखल्या आणि ती परत गेली. पुडीचं पार्सल मात्र वाटेत कुठेतरी अडकलं. "पांढरी पूड, तीही पाच किलो. कोण सोडेल?" आजोबा म्हणाले. मे महिना संपत आला. चौकोन पावसाआधीच पडायला हवे होते, कारण गाळ येतो तो पावसाळ्यात. मला खाडा चालत नाही, हे तुमच्या आईला विचारा. मी बाजारात गेले आणि रांगोळीच्या पाच पिशव्या घेऊन आले. बारीक, पांढरीशुभ्र. मनात म्हटलं, पूड ती पूड. रेघ दिसल्याशी कारण.

मिठागरांच्या पलीकडे आम्हाला होडीने नेणारे एक वयस्क कोळी नाखवा होते. ओहोटीला मी चिखलात फळी टाकून, गुडघे टेकून, स्वयंपाकघरातल्या चाळणीने रांगोळी चाळत होते आणि ते होडीत बसून बघत होते.

"बाय, दिवाली आली का आपले खाडीन?"

"दिवाळी नाही हो नाखवा, शास्त्र आहे हे."

"असंल, असंल. मंग कडंला पावलं पन काढा लक्षुमीची. चिंबोऱ्या काय, सगलं फिरवून टाकतील."

चिंबोऱ्या म्हणजे खेकडे. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं. नऊ चौकोन झाले, नऊही काटकोनात. मला फार बरं वाटलं.

घरी येऊन वही लिहायला बसले. शाळेपासून इंग्रजीत नोंदी ठेवायची सवय. तारीख, ओहोटीची वेळ, चौकोनांची मापं, सगळं लिहिलं. पुडीच्या रकान्यात 'रांगोळी' लिहायला हात उचलेना. परदेशातले लोक ही वही वाचणार, ते काय म्हणतील, बायका दारात काढतात ते हिने प्रयोगात वापरलं? मी लिहिलं, 'पांढरी खनिज पूड'. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. पार्सल पुढे आलं तेव्हा ते कपाटावर ठेवून दिलं आणि कुणाला काही बोलले नाही.

वर्षाने ती परत आली. पहिला तुकडा कापला तेव्हा आत पांढरी रेघ स्पष्ट दिसली. तिने चिखलाच्या हातांनीच मला मिठी मारली. रेघेवरचा चिखल आम्ही गॅलरीत वाळवला, शिंपल्यांचे तुकडे वेचून काढले, पुड्या बांधल्या. दोन महिन्यांनी आकडे आले. आपल्या खाडीतला कार्बन कुणाच्याही अंदाजापेक्षा कितीतरी जास्त होता. तिचे मार्गदर्शक खूश, आमचं कॉलेज खूश. तिचा प्रबंध याच आकड्यांवर उभा राहणार होता आणि पदवी मिळताच तिच्या विद्यापीठात तिच्यासाठी शिकवण्याची जागा ठेवलेली होती. नववर्षापर्यंत रुजू व्हायचं होतं.

मग दिवाळी आली. मी नेहमीच्या दुकानात रांगोळी घ्यायला गेले. दुकानदार म्हणाला, "मावशी, मागे तुम्ही पाच किलो नेलीत ना, तीच देऊ? संगमरवराची आहे. साध्या दगडाची इतकी पांढरी नसते."

संगमरवर. मी पिशवी घेतली आणि घरी येऊन थेट ओट्याशी गेले. पोह्यांसाठी लिंबू कापलेलं होतं. बशीत चिमूटभर रांगोळी घेतली आणि वर लिंबू पिळलं. ती फसफसली. बुडबुड्यांतून निघत होता तो कार्बन होता, दगडातला कार्बन, पार्सलच्या पुडीत नसणारा. खेकड्यांनी बिळं करताना पूड वरच्या चिखलात मिसळली होती आणि यंत्राने सगळाच कार्बन मोजला होता. तिवरांचा किती आणि रांगोळीचा किती, कोण सांगणार?

आजोबांना सांगितलं. त्यांनी बशी जवळ ओढून पाहिली.

"तिला कळेल आपोआप?"

"नाही. वहीत तसं लिहिलेलंच नाही."

"मग आत्ताच फोन लाव. नंतर तुझा धीर होणार नाही. मी ओळखतो तुला."

मी व्हिडिओवर तिला सगळं सांगितलं. 'पांढरी खनिज पूड' का लिहिलं, तेसुद्धा. तिच्या मागे तिची आई काहीतरी निवडत बसली होती. ती एवढंच म्हणाली, "नऊच्या नऊ, इबू?" मी हो म्हटलं. तिने मान हलवली आणि फोन बंद झाला.

चार दिवस काही निरोप नाही. घरात फराळ होता, पण आम्ही दोघंही त्याला हात लावत नव्हतो. पाचव्या दिवशी तिचा संदेश आला. उरलेल्या चिमूटभर चिखलावर तिने आम्ल टाकून पाहिलं होतं, तो फसफसला होता. पुन्हा मोजायला माती पुरेशी नव्हती. तिने मार्गदर्शकांना सांगून आकडे मागे घेतले होते. शेवटी लिहिलं होतं, 'कपाटावरचं पार्सल खाली काढून ठेवा. पावसाच्या आधी येते.'

ती आली. आम्ही जुन्या जागेपासून दूर नवे नऊ चौकोन पसरले. यावेळी वहीत मी नको तेवढं लिहीत होते, पार्सलवरचा शिक्कासुद्धा. तिने एकदाच विचारलं, "रांगोळी आणलीत त्या दिवशी मला फोन का नाही केलात? मी म्हटलं असतं, एक वर्ष थांबू." आपण थांबू शकतो हे मला सुचलंच नव्हतं. त्यानंतरच्या वर्षी आम्ही माती कापली. नवा आकडा पहिल्याच्या निम्माही नव्हता, पण तो तिवरांचा होता.

तिच्यासाठी ठेवलेली जागा तोवर दुसऱ्या कुणाला मिळाली होती. आता ती त्यांच्या दुसऱ्या एका बेटावरच्या लहानशा कॉलेजात शिकवते, घरापासून लांब. आई तिच्याबरोबर जाऊ शकली नाही.

आजोबा गेले तेव्हा तिचा फोन आला होता. तेव्हा मी पहिल्यांदा तिची नीट माफी मागितली. ती म्हणाली, "चिखलात शिंपले, खेकडे असतात, त्यांच्या कवचातही हाच कार्बन असतो, आधी आम्ल टाकून बघायला हवं होतं. पीटमध्ये त्याची गरज पडत नाही, म्हणून मी टाकलं नाही. चूक माझीही आहे." मी म्हटलं, नाही, तुझी नाही. ती म्हणाली, आहे. त्यावर आम्ही अजून भांडतो. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो, तिथे तेव्हा जेवणाची वेळ झालेली असते. मी तिला विचारते, आईला भेटायला कधी जाणार आहेस.