रुमालातला दात

लातूरला आमच्या गल्लीत एक तरुण डॉक्टरीण राहते. सरकारी दवाखान्यात नोकरीला आहे. मी त्याच धंद्यातला निवृत्त म्हातारा, म्हणून अधूनमधून चहाला बोलावते. परवा तिनं जखमेचा दाखला आता संगणकावर कसा भरतात ते दाखवलं. जखमेचा प्रकार यादीतून निवडायचा, जागा माणसाच्या चित्रावर टिचकी मारून दाखवायची. हॉटेलात डोसा निवडावा तसं. सोय चांगली आहे आणि वाचताही येतं. माझे दाखले वकील उजेडाकडे धरून वाचत, आणि तरीही मला कोर्टात उभं राहून माझंच अक्षर मलाच वाचून दाखवावं लागे. पण घरी येताना मला किनवट तालुक्यातलं आमचं आरोग्य केंद्र आठवत राहिलं.

तिथं माझं हत्यार म्हणजे शाळकरी पोरांची प्लॅस्टिकची पट्टी. जखम धुवायची, पट्टी लावायची, लांबी, रुंदी, खोली लिहायची. माणसं वाकून पट्टीवरचा आकडा वाचत आणि घासाघीस करत.

"एवढीच? घरून निघालो तवा मोठी व्हती, साहेब."

या विषयाचं एक प्रशिक्षण नांदेडला झालं होतं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाली आणि नारळ यांत सकाळ गेली. जखमांवर बोलायला आलेल्या तज्ज्ञांच्या वाट्याला जेवणाआधीची उरलीसुरली मिनिटं आली. ते घाईनं एवढंच म्हणाले, जे दिसतं ते लिहा, आणि जे सांगतात ते वेगळं लिहा. तेवढ्यावर माझी नोकरी निभावली. नारळाचं काय केलं ते आठवत नाही.

बाकीचं मी लोकांकडून शिकलो. ज्याला बरं व्हायचं असे, तो जखमेत हळद भरून येई. ज्याला केस करायची असे, तो जखम उघडी ठेवून, रक्ताचा सदरा न बदलता येई. त्यामुळं कोण कशासाठी आलंय, हे दारातच कळे. आणि आजूबाजूच्या गावांना वाहन एकच, एक काळीपिवळी जीप. तेव्हा मारणारा आणि मार खाणारा बहुतेक वेळा एकाच गाडीतून, मांडीला मांडी लावून येत. जीपवाला मला म्हणे, "साहेब, दोन्ही पार्ट्यांचं संगंच उरका. मला परतीचं भाडं हाय."

असेच एकदा सकाळी एक काका आणि त्यांचा पुतण्या आले. सोबत काकू. पुढच्या सीटवर ठाण्याचे जमादार, कारण ती सीट जमादाराचीच. विहीर सामायिक, मोटारी दोन. लाईट आल्यावर आधी कोणाची मोटार चालू करायची, यावरून स्टार्टरपाशी झोंबाझोंबी झाली होती. पुतण्याचं कोपर काकांच्या तोंडावर बसलं आणि खालचा पुढचा दात बाहेर आला.

काकांनी जमादाराकडून ठाण्याची यादी घेतली, म्हणजे तपासणीसाठीचं पत्र, आणि ती माझ्यासमोर ठेवली. तिच्यावर रुमाल ठेवला. रुमाल उलगडला.

"ह्यो दात. गंभीर मार लिहा. वकिलाला फोनवर इचारलंय मी."

वकिलानं खरं तेच सांगितलं होतं. दात निखळणं कायद्यात हाड मोडण्याच्या रांगेत बसतं. आणि पुतण्या बाहेर व्हरांड्यात खांबाला टेकून उभा होता, तो त्याच कारणानं. पोलीस भरतीची धाव झाली होती, लेखी झाली होती, निवड यादीत नाव लागलं होतं. फक्त चारित्र्य पडताळणी राहिली होती. गंभीर दुखापतीचा गुन्हा लागला असता, तर पुढं आयुष्यभर स्टार्टरच होता.

मी काकांना चूळ भरायला लावली आणि तोंडात बॅटरी मारली. ओठ आतून जरासा फाटला होता, ताजा. दाताची जागा ओली, रक्त येत होतं. म्हणजे मार खरा होता. मग रुमालातला दात उचलून पाहिला. मुळाला टोकापर्यंत जुनं किटण. शेजारचे दोन दात बोटानं हलवले तर हलले. आणि हिरडीच्या कडेला काहीतरी काळं अडकलं होतं. चिमट्यानं काढलं. भिजून मऊ झालेली लवंग.

"हे काय?"

काकूनं पदर सावरला. "लवंग हाय साहेब. दिवाळीपासून धरून राहिले. दिसभर जिभंनं दात हलवायचा, न् मला म्हणायचं भाकर चुरून दे."

"तू गप."

"मी गपच हाय. लवंग बोलून राहिली."

जमादार हसले आणि मग आपण कामावर आहोत हे आठवून खोकले.

काकूचं म्हणणं मला लिहिता येत नव्हतं. हकीकतीच्या रकान्यात ज्याला लागलं त्याच्याच तोंडचं लिहायचं. म्हणून मी काकांनाच विचारलं, "दात आधी हलत होता का?"

त्यांनी व्हरांड्याकडं पाहिलं. "दाताचं जाऊ द्या, डाक्टरसाब. गड्यासमोर कोपर मारलं मला. ह्याला खांद्यावर बसवून जत्रा दाखविली मी. ते लिहा."

"त्याला यात जागा नाही."

"मग एवढ्या मोठ्या कागदाचा उपयोग काय?"

मी पेन उघडं धरून बसलो. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. काकांनी रुमालाची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग दाराकडं तोंड करून, पण कोणाकडंही न बघता विचारलं,

"लाईट किती वाजेपर्यंत हाय आज?"

"दोनपर्यंत, काका," बाहेरून आवाज आला.

"न् दोन्ही मोटारी बंद."

"हाव."

काकांनी उसासा टाकला. "लिहा साहेब. हलत व्हता. दिवाळीपासून." मग जमादाराकडं वळले. "मला तक्रार द्यायची न्हाई."

"मग यादी कामून घेतली? मला फुकट आणलं इथवर."

"पुढच्या सीटवर बसून आले नं तुमी?"

मी दिसलं तसं लिहिलं. ओठाची ताजी जखम लिहिली, कोपर लिहिलं, दाताचं किटण लिहिलं, आणि निरोगी दात एवढ्यानं पडला नसता असं मत लिहिलं. पुतण्याचं कोपर त्यातून सुटलं नाही आणि काकांचा हलता दातही. दात मी पुडीत बांधून जमादारांपुढं केला. ते म्हणाले, तक्रारच न्हाई तर मुद्देमाल कशाचा. तो परत रुमालात गेला.

जीपपाशी पुतण्यानं पुढचं दार उघडलं. "काका, पुढं बसा."

"तिथं जमादार बसतात."

"जमादार मागं बसतील."

आणि जमादार खरंच मागं बसले, काकूच्या पिशवीशेजारी. असा बंदोबस्त मी त्याआधी पाहिला नव्हता. काकांच्या तोंडात कापसाचा बोळा होता, त्यामुळं शब्द धड येत नव्हते, पण गाडी हलताना ते खिडकीतून, मागं लटकलेल्या पुतण्याला काय म्हणाले ते मला ऐकू आलं.

"आधी माझी मोटार. मग तुझी."

"हाव काका."

पोरगा पुढं भरती झाला. काका तापासाठी आले तेव्हा त्यांनीच सांगितलं. अहमदपूरला बंदोबस्ताला असतो म्हणाले, आणि आता सुट्टीवर आला की स्टार्टरपाशी तोंडात शिट्टी घालून उभा राहतो. ओठाची जखम कुठंच दिसत नव्हती. दाताच्या जागी फट मात्र होती, आणि बोलताना तिच्यातून हवा जाई.

काल पुन्हा चहाला गेलो तेव्हा हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. ती ऐकत होती, बोट माऊसवरच होतं.

"लवंग कुठं लिहायची तुमच्यात?" मी विचारलं.

तिनं यादी खालपर्यंत सरकवली. "'इतर'मध्ये," ती म्हणाली. "पण थोडक्यात लिहावं लागतं, काका. जागा कमी आहे."