देऊळकाकांची कोरी जागा

"पाहिलंस का?" हा देऊळकाकांचा पहिला प्रश्न असे, आणि बहुतेक वेळा शेवटचाही. बस गेली म्हटलं, की पाहिलीस का. पाऊस थांबला म्हटलं, की पाहिलंस का. आयर्लंडमध्ये लिमरिकला कंपनीत लागल्यावर घर मिळेना, म्हणून मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहायला गेले, आणि पहिल्याच आठवड्यात या प्रश्नानं माझं डोकं उठवलं. "काका, हळद संपली असेल," मी म्हटलं. "असेल म्हणजे काय? प्रेस उघड आणि बघ." तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात. उघडून बघितलं तर बरणी अर्धी भरलेली.

देऊळकाका हे नाव तिथल्या मराठी मंडळींनी ठेवलेलं. दर हिवाळ्यात काका इजिप्तला जात, नाईलकाठच्या एका प्राचीन राजाच्या देवळात, आणि रापून परत येत. नवख्यांना वाटे, माणूस फार भाविक दिसतो. प्रत्यक्षात गणपतीच्या आरतीला ते सगळ्यात मागे उभे राहून मखराच्या कापडावरची वेलबुट्टी कुठे चुकलीय ते शोधत असत.

त्यांचं काम म्हणजे देवळाच्या भिंतींवर कोरलेली चित्रं रेघेरेघेनं कागदावर उतरवणं. भिंतीचा मोठा फोटो घेऊन भिंतीसमोरच बसायचं आणि त्यावर पेन्सिलीनं रेघा काढायच्या. उजेड वरून डावीकडून येतोय असं धरायचं. सावलीकडची रेघ जाड, उजेडाकडची बारीक. "लिमरिकला उजेड येतोच कुठे, तर डावा-उजवा कळायला," मी चिडवायची. ते हसत नसत. "भिंत फुटलेली असेल तिथे हात थांबवायचा," ते सांगत. "पुढे बोट कसं असणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. तरी काढायचं नाही. एकदा कागदावर आलं, की लोक ते खरं धरतात."

त्यांच्या भिंतीवर देवाची होडी खांद्यावर घेऊन चाललेले पुजारी होते. जमिनीतून ओल चढत होती, ओलीबरोबर मीठ, आणि मिठानं दगडाचं पीठ होत होतं. सगळ्यात खाली पुजाऱ्यांची पावलं, म्हणजे आधी जाणार ती तीच. ती इतकी झिजली होती, की फोटोत येतच नसत. टॉर्च भिंतीला लागून आडवा धरला तरच दिसत. "तेवढी पावलं उतरली, की मी सुटलो," काका म्हणत. काकू लिमरिकच्याच हॉस्पिटलात डॉक्टर होत्या. त्या अचानक गेल्या तेव्हा काका त्या भिंतीपाशीच होते. त्यावर माझ्याशी ते एकदाच बोलले. "तिचं शेवटचं मी पाहिलं नाही," एवढंच, आणि उठून कणीक मळायला लागले.

पुढच्या हिवाळ्यांमध्ये त्यांनी ती पावलं काढत आणली. त्या कामात एकानं काढलेलं चित्र दुसऱ्यानं भिंतीपाशी नेऊन तपासायचं असा रिवाज आहे. काकांची चित्रं तपासायची मोना, इजिप्तचीच, त्यांच्याहून पुष्कळ लहान आणि त्यांच्याइतकीच खाष्ट. तिनं पहिलाच कागद उचलला आणि एका पुजाऱ्याच्या घोट्यापाशी थांबली. "इथली भेग का नाही काढलीत?"

"कुठली भेग?" काकांनी विचारलं.

मोनानं त्यांचं बोट धरून दगडावर टेकवलं. बोट भेगेत गेलं. हे मला काकांनीच सांगितलं, आणि सांगताना तेच बोट जेवणाच्या टेबलावर पुन्हा पुन्हा फिरवत होते.

परत आल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच त्यांना गाडीनं घेऊन गेले. त्या बाईनं नीट समजावलं. दृष्टीच्या मधोमध ठिगळाएवढी जागा गेली आहे, पण ती गेलेली दिसत नाही, कारण मेंदू आजूबाजूचं बघून ती बुजवून टाकतो. कधीपासून, ते सांगता येणार नाही. कदाचित काही वर्षंही झाली असतील. गाडीत बसल्यावर काकांनी पट्टा लावला. मग म्हणाले, "जन्मभर हात आवरला गं. डोळ्यानंच अंदाज मारला." रडू मला आलं, त्यांना नाही.

देवळावरचं पुस्तक छापायला जाणार होतं, त्यातून त्यांनी आपली अलीकडची सगळी चित्रं मागे घेतली. नव्यानं तपासायची सोय उरली नव्हती, कारण त्याच उन्हाळ्यात मीठ फुगून खालची अख्खी ओळ गळून पडली होती. मोना फोनवर अक्षरशः विनवत होती. "बहुतेक रेघा बरोबर आहेत, हे तुम्हालाही माहीत आहे. ही चित्रं काढून टाकली तर पावलांचं जगात काहीच उरत नाही."

"बऱ्याच बरोबर असतील," काका म्हणाले. "कुठल्या, ते सांग."

पुस्तकात होडी आली, खांदे आले, गुडघे आले, आणि त्याखाली कोरी पट्टी. मला काकांचा भयंकर राग आला होता. "कोणाला कळणार होतं, काका?" मी विचारलं. त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "तुझं तोंड आता मला दिसत नाही. तिथे मागच्या भिंतीचा रंग असतो. आठवून लावता येईल. लावत नाही मी."

ते गेले तेव्हा मी प्लांटवर शिफ्टला होते. अंत्यविधीला त्यांची मुलगी ईशा माझ्याजवळ येऊन बसली. ती दूर डंडॉकला नोकरी करते, मराठी सगळं समजतं, बोलते मात्र तिकडचं इंग्लिश. "ही वॉज आस्किंग फॉर यू, आय'ड से," ती हळूच म्हणाली. आय'ड से म्हणजे तिकडे 'बहुतेक'.

"तू होतीस तिथे?" मी विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली. नर्सचा फोन आला तेव्हा ती अजून वाटेत, गाडीत होती.

आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून बसलो. काकांनी शेवटी माझं नाव घेतलं असेल, असं मला फार वाटतं. पण तिथे आम्ही दोघीही नव्हतो, म्हणून इथे मी हात थांबवते.