एकदाच विचारलेली पुरणपोळी

माझ्या जर्मनच्या अभ्यासामुळे आमच्या कुरुंद्याच्या घरातून पाच पाहुणे उपाशी गेले. पुण्याच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकते आणि मायनर म्हणून जर्मन भाषा व संस्कृती घेतली आहे. भाषेत मला स्वतःचं नाव सांगता येतं आणि स्टेशनचा रस्ता विचारता येतो. संस्कृतीत मात्र मी तज्ज्ञ होते. (दोन धडे झाले होते.)

त्याच सुमाराला डोंगरकड्याहून ताईला बघायला पाहुणे यायचे ठरले. मुलगा तीन वर्षांपासून जर्मनीत इंजिनिअर. महिनाभर दोघं फोनवर बोलत होते आणि आजवर प्रत्येक स्थळात खोड काढणारी ताई याच्यावर पुरती भाळली होती. "काही गडबड करू नका," एवढंच तिचं मागणं होतं. ती जबाबदारी मी अंगावर घेतली.

"आई, जर्मनीत राहिलेल्या माणसाला एकदाच विचारायचं. नको म्हणाला की नको. आग्रह त्यांना आवडत नाही."

"काहून? पोळी वाढली तर काय बिघडतं?"

"पुस्तकात आहे."

पुस्तकात आहे म्हटल्यावर बाबा माझ्या बाजूने झाले. आमचे काका ताटावर आडवे धरलेले हात बाजूला सारून पोळी टाकण्यात पंचक्रोशीत नावाजलेले. त्यांना मी ओसरीवर चपला सांभाळायला बसवलं.

पंगत बसली. सगळ्यांची एकेक पोळी संपली. आईनं मुलाच्या वडिलांना विचारलं, "आणखी एक घेता?"

"नको, नको. बास झालं."

आईचा हात सवयीनं पुढे आला. मी डोळे वटारले. हात मागे गेला. मुलाची आई नको म्हणाली, मामा नको म्हणाले, आत्या नको म्हणाल्या, मुलगाही लाजत नको म्हणाला. मी पोळ्यांचा डबा उचलून आत नेऊन ठेवला. मामा बराच वेळ रिकाम्या ताटाकडे बघत होते. मला वाटलं, त्यांना आमची शिस्त आवडली.

संध्याकाळी मध्यस्थाचा फोन आला. "पाहुणे रस्त्यात हॉटेलात भजे खाऊन राहिले होते. म्हणतात, दुसऱ्यांदा पोळी विचारली न्हाई, त्याअर्थी यांना पोरगी द्यायची न्हाई."

"अहो, नको म्हणाले ते," बाबा म्हणाले.

"नको तर समदेच म्हणतात, भाऊ."

ताई खोलीत गेली आणि आतून कडी लावली. तिच्या रडण्याचा आवाज आला तेव्हा माझी सगळी संस्कृती गळून पडली. मला खरंच लाज वाटली. दाराबाहेरून मी दहा वेळा माफी मागितली. (हा आग्रहही वाया गेला.)

शेवटी मीच मुलाला फोन लावून चूक कबूल केली. तो म्हणाला, "तिकडं तीन वर्षांत मला कुणी दुसऱ्यांदा विचारलं न्हाई. गावाकडं तरी विचारतील म्हणून सुट्टी काढून आलो, तर तुमी डबाच उचलून नेला." मग त्याला हसू आलं. "घरच्यांना मी समजावतो. रविवारी येतो परत."

रविवारी आम्ही काकांना मोकळं सोडलं. सातव्या पोळीला मामांनी हात जोडले आणि आठव्या पोळीला लग्न ठरलं. हात धुता धुता मुलाच्या वडिलांनी एकच अट घातली: लग्नाच्या पंगतीत धाकटीला वाढायला ठेवायचं नाही.

बाबा लगेच हो म्हणाले. त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही.