कळलं तर बोट ठेव

माझ्या डाव्या कोपराखाली रुपयाएवढा पांढुरका डाग होता. सोयरीक जुळली तेव्हाही तो होताच, पण होणाऱ्या सासूला दिसला तो बांगड्या भरायच्या दिवशी. कासाराने माझा हात पुढे ओढला, पदर सरकला आणि बाईंची नजर तिथेच अडकली. दोन दिवसांनी पुणतांब्याहून निरोप आला, "नगरच्या डाक्टरला दाखवा. रगतपिती नसंल तरच लगीन."

आमच्या कोल्हारात हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नसे. लग्न राहू द्या, तो महारोग निघाला तर माणसाला गावाबाहेर छप्पर घालून देत. त्यात कातडी बधिर होते, एवढं मी ऐकून होते. म्हणून बाभळीचा काटा घेऊन मी दिवसभर डाग टोचत बसायचे. सकाळी टोचलेलं कळायचं, दुपारी शंका यायची, संध्याकाळी तर दुसरा, चांगला हातही बधिर वाटायला लागायचा. माझीच कातडी मला खरं सांगेना. मी चिडायचे, रडायचे आणि पुन्हा टोचायचे.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल नव्हतं, सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालायची. विळदच्या घाटात सगळ्यांना उतरवून पायी चालायला लावलं. तिथे आईने मला मागे ओढलं.

"डोळं झाकाया लावत्यात म्हनं. भिऊ नगं. त्यो हात लावंल तवा मी बांगड्या वाजवीन. वाजल्या की तू बोट ठेव."

"कुठं?"

"कुठं म्हंजी? डागावर!"

माझ्या आईची अक्कल अशी धावायची, आणि त्या दिवशी मलाही ती पटली.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कापसाचं टोक पिळून बारीक केलं. "डोळे मिट. कळलं तर बोट ठेव. नाही कळलं तर गप्प बस."

मी डोळे मिटले. बांगड्या किणकिणल्या. मी डागावर बोट ठेवलं. पुन्हा किणकिण, पुन्हा बोट. तिसऱ्यांदाही तसंच. आणि शपथेवर सांगते, मी खोटं करत नव्हते. बांगडी वाजली की डागावरून मुंगी चालल्यासारखं मला खरंच कळत होतं.

"आत्ता मी कापूस नुसता जवळ नेला, लावलाच नव्हता," डॉक्टर म्हणाले. "आधीचे दोन मनगटावर होते."

जे नव्हतं ते मला कळलं, मग जे होतं ते कळेल कशावरून?

"बाई, बांगड्या घट्ट धरून बसा," ते आईला म्हणाले. "मुली, मीट डोळे."

आता खोलीत काहीच वाजेना. बोटावर कळलं, ठेवलं. मनगटावर कळलं, ठेवलं. मग काहीच नाही. बराच वेळ काही नाही. कापूस डागावर असणार आणि मला कळत नाही, माझं झालं, असं वाटलं. तेवढ्यात कोपराखाली एक बारीक गुदगुली झाली. मी घाबरत बोट ठेवलं. पुन्हा झाली, पुन्हा ठेवलं.

"उघड डोळे. साधं शिबं आहे. मलम लाव, जाईल."

मी हसले आणि त्याच हसण्यात रडू फुटलं. आई गणपतीला नारळ बोलू लागली. डॉक्टर मात्र माझ्याकडे बघत नव्हते. बांगड्या आवळून धरलेल्या आईच्या उजव्या हाताकडे बघत होते. तिच्या दोन बोटांवर फुटलेले फोड होते.

"हे कशाने?"

"तवा धरला आसंल. माझ्या हाताला चटका बसतच न्हाई, डाक्टर," आई कौतुकाने म्हणाली. "सासूबाई बी म्हनायच्या, हिचा हात लई टणक."

डॉक्टरांनी स्टूल जवळ ओढलं. "तुम्हीही डोळे मिटा जरा."

तिला गंमत वाटली. तिने माझ्याकडे बघून हसत डोळे मिटले. माझी काळजी मिटल्यामुळे तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता. डॉक्टरांनी करंगळीवरून कापूस फिरवला. शेजारच्या बोटावरून फिरवला. तळहाताच्या कडेने खाली आणला आणि परत वर नेला. मी बघत होते.

"लावा की, डाक्टर," आई डोळे मिटूनच हसत म्हणाली, "पुनतांब्याला निरोप धाडायचाय. किती येळ बसवताय?"